जुनी टर्बो डिझेल निळा धूर सोडून राह्यली? इंजिनचं हेड (वरचा भाग) उतरवायच्या आधी हे पाहून घ्या

परतवाड्यात माझं गॅरेज आहे. धारणी, सेमाडोह, चिखलदऱ्याकडून उतरणाऱ्या सवारी गाड्या, अचलपूर-चांदूर बाजारकडच्या संत्रावाल्यांच्या पिकअप अन् घरच्या वापरातल्या बारा-पंधरा वर्षं जुन्या सात सीटर, बहुतेक डिझेल अन् बहुतेक टर्बोवाल्या (टर्बो म्हणजे इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंखा), हेच माझं रोजचं काम. महिन्याला दोन तरी गाड्या एकच तक्रार घेऊन येतात, "भाऊ, मांगून निळा धूर मारून राह्यली, इंजिन गेलं काय?" अन् बऱ्याच जणांना कोणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असते की टर्बो बदला नाही तं इंजिन बांधा, म्हणजे पूर्ण खोलून नव्यानं जोडा. पोरीच्या लग्नाला ठेवलेले पैसे घेऊन आलेला माणूस मी पाह्यला आहे इंजिन कामासाठी, अन् त्याच्या गाडीत बिघाड निघाला तो दीड फूट रबरी पाइपाचा. म्हणून लिहून राह्यलो. जे फुकटात होते ते आधी, जे महाग ते शेवटी, अन् प्रत्येक गोष्ट काऊन पाहायची तेही सांगतो, कारण कारण माहीत नसलं की माणूस मधलंच सोडून देते.

धूर निळाच आहे का?

हे आधी ठरवा. सकाळी कोवळ्या उन्हात गाडी काळपट भिंतीसमोर किंवा झाडीसमोर उभी करा, दुसऱ्याला आत बसवा अन् तुम्ही मागून पाहा, रात्रीच्या लाइटमध्ये सगळेच धूर सारखे दिसतात. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळून राह्यलं. त्याचा वास जळक्या ऑइलचा, घशात बसणारा, अन् तो हवेत लवकर विरत नाही, गाडी निघून गेल्यावरही रस्त्यावर पातळ निळसर थर तरंगत राह्यते. काळा धूर असेल तं डिझेल जास्त किंवा हवा कमी, तो पंप-नोझल (डिझेल दाबून फवारणारे पार्ट) अन् हवेच्या गळतीचा विषय. पांढरा दोन प्रकारचा. एक थंडीत सकाळी येते, डोळे चुरचुरतात, ते अर्धवट जळलेलं डिझेल आहे, हीटर प्लग नाही तं नोझल पाहा. दुसरा पांढरा गोडसर वासाचा अन् रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तिथे हेड गॅस्केटचा (हेडखालच्या पॅकिंगचा) संशय, ती गाडी चालवू नका.

शंका असेल तं सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर पांढरं फडकं धरा, आयडलिंगला मिनिटभर. कोरडी काळी काजळी बसली तं ऑइल नाही. पिवळट-तपकिरी चिकट ठिपके आले अन् बोटाला तुपासारखं ओशट लागलं तं ऑइल आहे. एवढंच करा, तोंडाशी बसून धूर हुंगत राहू नका.

धूर कधी येते, हे कागदावर लिहा

माझ्याकडे गाडी आली की मी पान्याला हात लावत नाही, आधी विचारतो कधी येते. लोक म्हणतात "नेहमीच येते", पण दोन दिवस नीट पाह्यलं की नेहमी येत नसते. अन् धूर कधी येते यातच अर्धं उत्तर असते.

रात्रभर उभी गाडी, सकाळी स्टार्ट केली, एक मोठा निळा भपका आला अन् मिनिट-दोन मिनिटांत साफ झालं, तं वॉल्व्हच्या (हेडमधल्या हवा-धुराच्या झडपांच्या) सीलकडे संशय. रात्री वरचं ऑइल गाइडमधून (वॉल्व्ह ज्या नळीत वर-खाली होते ती) थेंब थेंब खाली उतरते अन् सकाळी जळते. घाट उतरताना गाडी गिअरवर रोखून आणली अन् खाली आल्यावर पाय दिला की मागे निळा ढग, तेही सील-गाइडचंच लक्षण, पण इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पेट्रोलच्या गाडीत पाय सोडला की थ्रॉटल (हवेच्या वाटेतली झडप) बंद होऊन आत ओढ लय तयार होते, म्हणून हे लक्षण पेट्रोलमध्ये पक्कं मानतात. जुन्या डिझेलला तसा थ्रॉटल नसते, ओढ कमी असते, म्हणून डिझेलमध्ये नुसत्या याच्यावर हेड उतरवू नका. टर्बोकडूनही असंच दिसू शकते.

लोड घेऊन चढताना, पाय दाबून धरला तेवढा वेळ सारखा निळा धूर, अन् पिकअपही (गाडीची ओढ) कमी झालेला, तं रिंगा-बोअरकडे (पिस्टनच्या रिंगा अन् सिलेंडरची आतली भिंत) जावं लागेल, पण लगेच नाही. दहा-पंधरा मिनिटं आयडलिंगला उभी ठेवली, मग रेस दिली की भसकन निळा धूर अन् थोड्या वेळानं कमी, हे टर्बोच्या सीलकडून ऑइल येत असल्याचं जुनं लक्षण. अन् धुरासोबत शिट्टीसारखा किंवा सायरनसारखा आवाज नव्यानं सुरू झाला, पिकअप एकदम पडला, तं गाडी तिथेच बंद करा. त्याचं कारण खाली सांगतो.

दुसरी नोंद ऑइलची. वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहा, पाचशे किलोमीटरनंतर पाहा. जुनी डिझेल थोडं ऑइल खातेच. माझा हिशोब असा की हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत जात असेल तं लक्ष ठेवून चालवा, लिटरच्या वर गेलं तं काम काढा. पण जमिनीवर थेंब पडत नाहीत ना ते पाहा आधी, गळतीचं ऑइल अन् जळालेलं ऑइल लोक एकत्र मोजतात.

डिपस्टिक, फुकटातली तपासणी

गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. ऑइल मोजायची काडी काढा, पुसा, परत घाला, मग वाचा. खालच्या अन् वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असते, म्हणून "थोडं जास्त टाकलं तं काय होते" असं म्हणून वर बोटभर भरलं की ते अर्धा-पाऊण लिटर जास्त झालं समजा. जास्त ऑइलमध्ये क्रँक (इंजिनचा खालचा फिरता दांडा) घुसळते, फेस होते, अन् तो फेस ब्रीदरच्या (इंजिनच्या पोटातला गॅस बाहेर काढणाऱ्या) पाइपातून सरळ टर्बोच्या तोंडात जाते. निळा धूर, अन् बिघाड काहीच नाही. बहिरमच्या जत्रेच्या दिवसात एक गाडी आली होती, तिची काडी पाह्यली, ऑइल वरच्या खुणेच्याही बरंच वर. लांबच्या सवाऱ्या होत्या म्हणून मालकानं काळजीपोटी स्वतःच एक डबा ओतला होता. तेवढं ऑइल काढलं, दोन दिवसांत धूर बंद.

आता काडीचा वास घ्या. डिझेलचा वास येते का? ऑइल पाण्यासारखं पातळ लागते का? अन् न टाकता लेव्हल वाढून राह्यली का? असं असेल तं इंजिन चालू करू नका. पंपाचं सील किंवा नोझलची गळती यातून डिझेल ऑइलमध्ये उतरून राह्यलं, बेअरिंग खराब होतील ते वेगळंच, पण लेव्हल लय वाढली तं इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून पळत सुटू शकते. इथून पुढे घरचं काम नाही, पंप-नोझलवाल्याला बोलवा.

ऑइलची ग्रेड कोणती पडली तेही आठवा. आपल्याकडच्या जुन्या डिझेलला बहुतेक १५डब्ल्यू-४० सांगितलेलं असते. मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या वर जाते, त्यात जुन्या इंजिनात पातळ ऑइल टाकलं की खप वाढलेला दिसते. पण उलटा उपायही करू नका. धूर लपवायला लोक लय जाड ऑइल टाकतात, वरून डब्यातलं औषध ओततात, आठ दिवस धूर कमी दिसते खरा, पण सकाळी स्टार्ट केल्यावर ते जाड ऑइल टर्बोच्या बेअरिंगपर्यंत पोचायला उशीर लावते. त्या शाफ्टचा वेग मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्यांचा असते, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरते, तिथे उशीर परवडत नाही.

एअर फिल्टर, काहीशे रुपयांचं काम

निळ्या धुराचा अन् एअर फिल्टरचा काय संबंध, असं लोक विचारतात. संबंध आहे. टर्बोच्या शाफ्टला रबरी ऑइल सील नसते, पिस्टनच्या रिंगेसारखी बारीक धातूची रिंग असते, अन् ती ऑइल रोखते ते मुख्य म्हणजे पातीच्या बाजूच्या हवेच्या अन् धुराच्या दाबाच्या आधारानं. फिल्टर चोक झाला की टर्बोच्या तोंडाशी ओढ तयार होते, दाब उलटा पडते, अन् ऑइल हवेच्या बाजूला खेचल्या जाते. टर्बो चांगला, तरी ऑइल सोडते.

आपल्या भागात हे जास्त होते. पांदण रस्त्याची धूळ, काळ्या मातीचा बुक्का, अन् जिनिंगच्या आजूबाजूला फिरणाऱ्या गाड्यांच्या फिल्टरवर रुईचा असा थर बसते की वरून गोधडी पांघरल्यासारखी दिसते. मागच्या हिवाळ्यात एका शेतकऱ्याची गाडी आली, वीस दिवस गोठ्यात उभी होती, बाहेर काढली तं निळा धूर अन् पिकअप नाही. मी डब्याची झाकणी उघडली, आत उंदरानं कापसाचं बोंड पिंजून मऊ घरटं केलेलं, कडेला सोयाबीनच्या शेंगांची टरफलं, तुरीचे दाणे, अन् फिल्टरचा खालचा अर्धा कागद कुरतडलेला. घरटं काढलं, डबा पुसला, नवा फिल्टर टाकला. धूर त्याच दिवशी बराच कमी झाला, पण कुरतडलेल्या फिल्टरातून माती आत गेली होती, म्हणून टर्बोची पातीही तपासावी लागली. ती वाचली होती.

फिल्टर झटकून किती दिवस चालवायचा याला मर्यादा आहे. आतून उजेडात धरा, उजेड आरपार दिसत नसेल तं बदला. कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेनं मारून मारून कागदाला बारीक छिद्रं पडतात, तीच माती पुढे टर्बोची पाती खाते.

ब्रीदर, जिथे सगळ्यात जास्त पैसे वाचतात

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. प्रत्येक इंजिनात पिस्टनच्या रिंगेतून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या ऑइलच्या भागात, उतरते. तो बाहेर निघायला ब्रीदरचा पाइप असते, तो टॅपेट कव्हरपासून (इंजिनच्या वरच्या झाकणापासून) निघून टर्बोच्या आधी हवेच्या पाइपात जोडलेला असते, मधे ऑइल वेगळं करणारी जाळी किंवा डबी. हा रस्ता बंद पडला की इंजिनच्या पोटात दाब वाढते. टर्बोतलं ऑइल खाली चेंबरमध्ये परत येते ते फक्त स्वतःच्या वजनानं, त्याला कोणता पंप ओढत नाही. खाली दाब असेल तं ते उतरणार कसं? मग ते टर्बोतच साचते अन् जिकडे वाट मिळेल तिकडून, हवेच्या बाजूनं किंवा सायलेन्सरच्या बाजूनं, बाहेर पडते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते टर्बो गेला.

धारणी-परतवाडा सवारी मारणारा एक माणूस माझ्याकडे आला तेव्हा त्याचे वर्षात दोन टर्बो बदलून झाले होते, दुसऱ्या गावी. तिसऱ्यांदा धूर सुरू झाला होता अन् त्याची बायको सोबत आली होती, ती म्हणे, "भाऊ, आता बोरं विकून गाडी चालवा लागते काय आम्हाले?" मी इंजिन आयडलिंगला ठेवून ऑइल भरायचं झाकण फिरवलं, सैल होताच फुस्स करून हवा निघाली अन् ऑइलचे शिंतोडे उडाले. झाकण तसंच सैल ठेवलं अन् दहा मिनिटं गाडी चालू ठेवली, मागचा धूर डोळ्यांदेखत कमी व्हायला लागला. ब्रीदरचा रबरी पाइप काढून ब्लेडनं उभा चिरला. बाहेरून अंगठ्याएवढा जाड पाइप, आत काकवीसारखा घट्ट काळा गाळ, मधे पेन्सिलच्या शिसाएवढं भोक उरलेलं. नवा पाइप, जाळी डिझेलमध्ये दोनदा धुऊन वाळवली, ऑइल अन् ऑइल फिल्टर बदलला. टर्बो तोच ठेवला.

तुम्ही घरी काय करायचं ते असं. इंजिन गरम, आयडलिंगला, झाकण फिरवून नुसतं वर ठेवा. हलकं थरथरत असेल तं ठीक. जोरात उडत असेल, भकभक धूर निघत असेल तं दोन शक्यता: ब्रीदर बंद किंवा रिंगा झिजून बॅक कॉम्प्रेशन (सिलेंडरचा दाब खाली उतरणं). आधी ब्रीदरचा पाइप काढून फुंकून पाहा, हवा मोकळी गेली पाह्यजे. मोकळा आहे तरी झाकण उडते, तं रिंगांकडे संशय वळला. हात भाजणार नाही, पंख्याच्या पट्ट्यात दुपट्टा-बाही जाणार नाही एवढं पाहून करा.

त्यानंतर बाटलीची टेस्ट. ब्रीदरचा पाइप हवेच्या पाइपापासून सोडायचा, हवेच्या पाइपाचं उघडं भोक रबरी बूच लावून क्लिपनं घट्ट बंद करायचं, नाही तं धूळ सरळ टर्बोत जाईल. ब्रीदरचं तोंड एका रिकाम्या बाटलीत सोडायचं, बाटलीच्या वरच्या बाजूला दोन-चार भोकं ठेवायची म्हणजे गॅस कोंडणार नाही, अन् बाइंडिंग तारेनं गरम भागापासून दूर बांधायची. वीस-तीस किलोमीटर चालवा. मी चिखलदऱ्याचा घाट चढून उतरून येतो, वर हजार-अकराशे मीटर उंची आहे, इंजिनला लोडही मिळते अन् उतरताना गिअरवर रोखलेलंही पाहायला मिळते. धूर गेला अन् बाटलीत ऑइल जमलं, तं ऑइल ब्रीदरमधून येत होतं, टर्बो सुटला आरोपातून. बाटलीत नुसता ओलसरपणा अन् धूर जसाच्या तसा, तं पुढे चला. ही टेस्ट फक्त तपासणीपुरती आहे, ब्रीदर कायमचा बाहेर सोडून गाडी चालवू नका, तो गॅस बाहेर सोडायला मनाई आहे अन् गरम सायलेन्सरवर ऑइल पडलं तं आगही लागू शकते.

होस पाइप अन् इंटरकूलर

टर्बोपासून इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा भाग) अन् तिथून इंजिनपर्यंतचे पाइप सोडून आत बोट फिरवा. पातळ ओशट थर असतेच, त्याला घाबरू नका, ब्रीदरचा गॅस त्यातूनच जाते. पण पाइप वाकडा केला अन् ऑइल धार धरून पडलं, तं ते नॉर्मल नाही. इंटरकूलर खोलून तोंडं खाली करून रात्रभर टांगून ठेवा, खाली भांडं. किती निघालं ते मोजून लिहा.

धुवायचं असेल तं एक गोष्ट जीव लावून सांगतो, पेट्रोल-रॉकेलनं धुऊन ओला इंटरकूलर परत लावू नका. पूर्ण वाळू द्या. आत राह्यलेलं पेट्रोल, रॉकेल किंवा ऑइल इंजिन एकदम ओढते अन् मग रेस तुमच्या हातात राहत नाही.

याला आमच्याकडे गाडी पळाली म्हणतात. डिझेल इंजिनला स्पार्क लागत नाही, जळायला काहीही मिळालं की ते फिरते, चावी बंद केली तरी थांबत नाही. आवाज वाढतच जाते, मागे धुराचा लोट. असं झालं अन् तुम्ही सीटवर असाल तं: ब्रेक पूर्ण दाबा, हँडब्रेक ओढा, क्लच दाबून सगळ्यात वरचा गिअर टाका अन् क्लच एकदम सोडा, इंजिन दाबून बंद पाडा. समोर कोणी उभं नको. बाहेर असाल अन् हवेचं तोंड सहज हाताशी असेल तं जाड सपाट फळी दाबून हवा बंद करता येते, पण हाताचा पंजा किंवा दुपट्टा लावू नका, आत ओढल्या जाते. आवाज कानठळ्या बसवण्याइतका चढला असेल तं काहीच करू नका, लांब पळा. इंजिन परत मिळते.

टर्बो हातानं तपासणं

इंजिन पूर्ण थंड. टर्बोच्या हवेच्या तोंडाचा पाइप काढा, आत पातीचं चक्र अन् मधला नट दिसते. दोन बोटांनी फिरवा, मोकळं फिरलं पाह्यजे. आता नट वर-खाली हलवा. इथे थोडा प्ले असतेच, कारण चालू असताना ती जागा ऑइल भरते, अन् हेच पाहून लय चांगले टर्बो भंगारात गेले आहेत. पातीची कडा बाहेरच्या भिंतीला टेकते का, ते पाहा. मग नट आत-बाहेर ओढून पाहा, या दिशेला हाताला जाणवेल एवढा प्ले नको. भिंतीवर चकाकती घासल्याची रेघ, पाती वाकलेली किंवा धुळीनं कडा खाल्लेली, यातलं काही दिसलं तं टर्बो गेला, गाडी चालवू नका. पाती तुटून इंजिनात गेली तं खर्च कुठल्या कुठे जाते, शिट्टीच्या आवाजाला गाडी बंद करा म्हटलं ते यासाठी. पाइप उघडा ठेवून इंजिन चालू करून पाहायचा मोह होते, तो टाळा, तिथे ओढ लय असते अन् शेजारचा नट-वायसर सुद्धा आत जाते.

टर्बोत प्ले ठीक, तरी ऑइल सोडते? मग त्याचा ड्रेन पाइप पाहा, जो खाली चेंबरला जाते. आत जळालेल्या ऑइलचे खडे बसतात. कधी आधीच्या माणसानं गॅस्केटऐवजी सिलिकॉन पेस्ट लावलेली असते, ती आत लोंबून अर्धं तोंड बंद करते. कधी पाइप वाकडा बसून मधे पोट पडलेलं असते. इथे खाली उताराशिवाय दुसरा जोर नाही, म्हणून हा पाइप मोकळा अन् सरळ पाह्यजे.

आता माझ्या अनुभवातली सगळ्यात कामाची तपासणी, पण ही मेकॅनिककडूनच करून घ्या, जुने बोल्ट तुटतात. टर्बो सोडवल्यावर मॅनिफोल्डच्या आत, म्हणजे धूर टर्बोत यायच्या आधीच्या जागी, पाहायचं. तिथे कोरडी काजळी अन् टर्बोच्या पुढचा सायलेन्सरचा पाइप ओला, तं ऑइल टर्बोनं सोडलं. टर्बोच्या आधीच मॅनिफोल्ड ओला, तं ऑइल इंजिनातूनच येऊन राह्यलं, अन् एखादंच भोक ओलं असेल तं तोच सिलेंडर धरा. ओलं कुठून सुरू झालं हे ज्यानं पाह्यलं नाही, त्यानं टर्बो बदलायला सांगितला तं हो म्हणू नका.

इथून पुढे स्वतः करू नका

काडीला डिझेलचा वास, टर्बोचा नवा आवाज, पाणी कमी होऊन पांढरा धूर, किंवा गाडी एकदा तरी पळालेली, या चार गोष्टींत आधीच थांबा अन् गाडी ओढून न्या. वरचं सगळं करून धूर तसाच असेल तरी थांबा, कारण पुढच्या तपासणीला यंत्र लागते. कॉम्प्रेशन डिझेलच्याच गेजनं मोजायचं, डिझेलमध्ये ते २५-३० बारच्या घरात जाते, पेट्रोलचा गेज तिथे टिकत नाही. आकड्यापेक्षा चारही सिलेंडरमधला फरक पाहा, एखादा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तं तिथे शोधा. पेट्रोलच्या इंजिनात करतात तसं सिलेंडरमध्ये ऑइल टाकून परत मोजायचं डिझेलमध्ये करू देऊ नका, जागा इतकी कमी असते की आकडा खोटा येते अन् नुकसानही होऊ शकते. त्याऐवजी सिलेंडरमध्ये हवा भरून ती कुठून निघते ते ऐकायचं: ऑइलच्या झाकणातून निघाली तं रिंगा, सायलेन्सरमधून किंवा हवेच्या पाइपातून निघाली तं वॉल्व्ह. कॉम्प्रेशन चांगलं, हवा धरते, टर्बो कोरडा, अन् सकाळचा भपका मात्र येते, तं वॉल्व्ह सील. ते काम इंजिन बांधण्यापेक्षा लय स्वस्त आहे.

टर्बो रिपेअरला मी अमरावतीला पाठवतो, कारण शाफ्ट बॅलन्स करायचं मशीन लागते, गॅरेजमध्ये किट टाकून जोडलेला टर्बो काही दिवसांतच परत येते. नवा किंवा दुरुस्त टर्बो बसवताना चार गोष्टी तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या. ऑइलचा फीड पाइप नवा किंवा आतून साफ, त्याच्या बोल्टात जाळी असेल तं तीही. ड्रेन मोकळा. इंटरकूलर रिकामा केलेला. अन् स्टार्ट करायच्या आधी टर्बोच्या ऑइलच्या भोकात स्वच्छ ऑइल ओतून, डिझेल बंद ठेवून दोन-तीनदा सेल्फ मारलेला, म्हणजे पहिल्या फेरीला बेअरिंग कोरडं फिरणार नाही. बसवल्यावर सुरुवातीला आयडलिंगलाच ठेवा, रेस नाही.

काम झाल्यावरही एक-दोन दिवस निळा धूर दिसेल, सायलेन्सरमध्ये मुरलेलं ऑइल जळून जायला वेळ लागते, तेवढ्यानं मेकॅनिकशी भांडू नका. शंभर-दोनशे किलोमीटरनंतरही तेवढाच असेल तं मात्र गाडी परत न्या अन् बाटलीची टेस्ट पुन्हा करायला लावा. अन् घाट चढून चिखलदऱ्याला पोचलात की लगेच चावी फिरवू नका, मिनिट-दीड मिनिट आयडलिंगला राहू द्या, सवाऱ्या उतरेपर्यंत तेवढा वेळ तसाच जाते. तापलेल्या टर्बोत ऑइल उभं राह्यलं की तिथेच जळून खडा बनते, अन् ड्रेनमधून मी जे खडे खरवडून काढतो ते असेच बनलेले असतात.